आचेवरच्या दोघी

खोक्यांच्या कारखान्यात दोनशे चाळीस माणसं होती आणि त्यातल्या एकाचीही ती वहिनी नव्हती. तिची नणंद तर तिच्याखेरीज कुणाचीच वन्सं नव्हती. तरी सगळे एकीला वहिनी म्हणत आणि दुसरीला वन्सं. कारण साधं होतं. कॅन्टीनच्या स्वयंपाकघराची भिंत अर्धीच होती, वर जाळी, आणि त्या जाळीतून सकाळी आठपासून या दोन हाका इतक्या वेळा बाहेर येत की नव्या माणसाला ती त्यांची नावंच वाटत. साहेबलोकही हजेरीच्या वहीत तसंच लिहीत.

वहिनी एकतीस वर्षं त्या मोठ्या शेगडीसमोर उभी होती. लग्न होऊन तीन महिने झाले नव्हते तेव्हा कॅन्टीनचा आचारी सोडून गेला, आणि तिच्या नवऱ्यानं, जो त्याच कारखान्यात फिटर होता, वरच्यांना सांगून टाकलं की माझ्या बायकोला स्वयंपाक येतो. तिला विचारायचं राहिलं. ती तोवर दोन माणसांचा स्वयंपाक करत होती. पहिल्या दिवशी तिनं मीठ मुठीनं घातलं आणि दर मुठीला देवाचं नाव घेतलं. देवानं त्या दिवशी लाज राखली, असं ती अजून सांगते. दुसऱ्या दिवसापासून मात्र ती मीठ मापानं घालायला शिकली. देवाला रोज उठून कशाला तोशीस द्यायची.

दोन वर्षांनी वन्सं आल्या. एक ट्रंक घेऊन सासरहून परत आल्या आणि भावाला म्हणाल्या, ‘दादा, तिथलं पाणी मला मानवलं नाही.’ यापुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि फिटरनं विचारलं नाही. आठवड्याभरात त्या कॅन्टीनमध्ये चिरायच्या टेबलाशी बसल्या आणि पंधरवड्याच्या आत पहिलं भांडण झालं. कांदा जाड चिरला होता की आच मोठी होती, यावर ते होतं. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

दोघींकडे भांडी मोजकी होती, तसे शब्दही. जे शेगडीवर लागत, तेच भांडणाला वापरले जात. वहिनी म्हणायची, वन्सं, तुम्ही फार लवकर तापता. वन्सं म्हणायच्या, तू तापत नाहीस, आतल्या आत खदखदत बसतेस, ते जास्त वाईट. एक म्हणे, झालं गेलं त्याला पुन्हा फोडणी देऊ नका. दुसरी म्हणे, मग तूही सारखी वर ढवळत बसू नकोस, खाली बसलंय ते खालीच राहू दे. घरी फिटर वर्तमानपत्रामागून ऐकत असे. त्याचं एक गणित होतं. नुसती तडतड असेल तर बसून राहायला हरकत नाही. ‘उतू चाललंय’ ऐकू आलं की चपला शोधायच्या. ‘करपवलंस’ ऐकू आलं की चपला न शोधता निघायचं. कधी कधी ते खरंच दुधाबद्दल असायचं, पण तो खात्री करायला थांबत नसे. निवृत्त झाल्यावर तो दिवसाचा बराच वेळ कोपऱ्यावरच्या बाकावर काढू लागला.

इतकं असून दोघी रोज बरोबर निघत, एकाच पिशवीत डबे ठेवत आणि बरोबर परतत. रस्त्यात भांडत नसत. रस्त्यात हातात काम नसे.

दोन वर्षांमागे वहिनीला ताप आला. दहा दिवस अंथरुणात होती. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. तिला ते कळलं ते असं, की घरी दूध उतू जाऊन शेगडीवर जळत होतं, ती शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर देवापुढची समई पुसत होती, आणि फिटर बाहेरून धावत आला. तिनं मग कांदा नाकाशी धरला. मग कापूर. मग रॉकेलचा जुना बोळा. काही नाही. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित येणार नाही. फिटरला तिनं सांगितलं की डॉक्टर म्हणाले, येईल. मीठ कळायचं, आंबट कळायचं, तिखट झोंबायचं. बाकी सगळी चव पुठ्ठ्यासारखी झाली, आणि पुठ्ठ्याची चव म्हणजे काय, हे त्या कारखान्यात तिला कुणी शिकवायला नको होतं.

फिटरखेरीज तिनं कुणालाच सांगितलं नाही. वास न येणाऱ्या बाईला शेगडीवर कोण ठेवणार? भांडी घासायला बसवतील, नाहीतर घरी. भांडी घासण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. पण एकतीस वर्षांत तिचं म्हणून जगात एकच ठिकाण झालं होतं, शेगडीपुढच्या त्या चार फरशा, आणि त्यातलीही एक तिच्या टाचेनं खोलगट झालेली.

पहिल्या आठवड्यात तिचा रस्सा दोनदा लागला, थोडासाच. तिसऱ्या वेळी लागायच्या आत मागून वन्सं कडाडल्या, ‘करपव, करपव आता. दिवसभर कसला विचार शिजतो गं तुझ्या डोक्यात?’ वहिनीनं पळी घातली. बुडाला नुकतं धरत होतं. दुसऱ्या दिवशी वन्संनी चिरायचं टेबल ढकलत ढकलत शेगडीच्या अगदी मागे आणलं. तिथे उजेड बरा आहे म्हणाल्या. तिथे उजेड मुळीच बरा नव्हता.

तेव्हापासून वन्संचं तोंड बंद म्हणून झालं नाही. मसाला भाजताना त्या म्हणत, झाला की नाही जीव गार, का अजून जाळायचाय? भाताला म्हणत, घाल खाली एकदा, कोळसा करून वाढणार आहेस का लोकांना? वहिनी उलट उत्तर द्यायची, पण उत्तर देता देता हात आचेकडे गेलेला असायचा. पहिले दोन महिने तिला वाटलं की वन्संचा स्वभाव वयानं आणखी बिघडला. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की पातेलं खाली उतरलं की वन्सं गप्प होतात. तुला वास येत नाही, हे वाक्य दोन वर्षांत त्या घरात कुणी उच्चारलं नाही. घरातलं सगळं बोलणं मोठ्यानं होत असल्यामुळे एवढं एक दडपून ठेवायला जागा झाली.

मग नवे साहेब आले. कॅन्टीन त्यांच्याकडे आलं. ते आधी कुठल्याशा कचेरीत होते, तिथे माणसं एकमेकांना कागद पाठवून भांडत. स्वयंपाकघरातला आवाज ऐकून ते पहिल्या दिवशी पळतच आले; त्यांना वाटलं, कुणी भाजलं. त्यांनी पाहिलं तर एक बाई बटाटे चिरत होती, दुसरी रस्सा ढवळत होती, आणि दोघी एकमेकींना शब्दांनी चुलीत घालत होत्या.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोघींना खुर्च्या दिल्या आणि शांतपणे समजावलं की कामाच्या जागी सौजन्यानं बोलावं. दोघी हो म्हणाल्या. पुढचे तीन दिवस स्वयंपाकघरात सौजन्य होतं. वन्सं म्हणत, वहिनी, जरा बघतेस का. वहिनी म्हणे, बघते हं वन्सं. कामगार जाळीपाशी येऊन विचारून गेले की घरी कुणी आजारी आहे का. चौथ्या दिवशी वन्सं बटाट्याच्या परातीसकट उठल्या आणि तीन दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. नेमके साहेब दारात होते.

त्यांनी मग उपाय काढला. वन्संना वाढपाच्या खिडकीवर नेलं. ती जेवणाच्या हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. चिरायचं टेबल पुन्हा आपल्या जागी भिंतीशी गेलं, भाज्या सकाळीच चिरून ठेवायच्या ठरल्या, आणि मधलं दार स्वच्छतेसाठी लावून घ्यायचा हुकूम निघाला. वन्सं साहेबांना म्हणाल्या की वहिनीला एकटीला जमणार नाही. साहेब म्हणाले, एकतीस वर्षं करतायत, का नाही जमणार? यावर वन्संना उत्तर होतं. ते त्यांनी दिलं नाही.

त्या रात्री जेवताना वहिनी म्हणाली की जमेल. वन्सं म्हणाल्या, मी कुठे काय विचारलं.

पहिले दोन दिवस जमलं. वहिनीनं आच अगदी बारीक ठेवली, घड्याळाकडे पाहत राहिली, पळी हातातून सोडली नाही. जेवण अर्धा तास उशिरा झालं, पण झालं. तिसऱ्या दिवशी तिला जरा बरं वाटलं. सकाळ शांत होती. डाळ चढवली, भात चढवला, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा ती काम करताना देवाचं गाणं गुणगुणली. एरवी मध्ये बोलायला लागायचं म्हणून कडवं पुरं व्हायचं नाही. भाजी परतता परतता तिची चार कडवी झाली. मागून काही ऐकू येत नव्हतं, म्हणजे सगळं ठीक होतं. दोन वर्षांत तिच्या हाताला हीच सवय लागली होती: बोलणी बसली की आच कमी करायची, बोलणी बसली नाहीत की राहू द्यायची. पातेल्याकडे कान द्यायचं तिनं केव्हाच सोडलं होतं. बोलणी बसायला वन्सं तिथे नाहीत, हे तिला माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

पाचवं कडवं चालू असताना मधलं दार भिंतीवर आपटलं. वन्सं वाढायचा डाव हातात घेऊन धावत आल्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला. वहिनीनं पळी घातली, ती बुडाशी अडकली. वर काढली तेव्हा टोकाला काळं होतं.

लागलेली डाळ सुधारत नाही. वरची वर काढून घ्या, पाणी घाला, काही करा, जळका वास कणाकणात गेलेला असतो. वन्संनी थोडी चाखली आणि मान हलवली. वहिनीनंही चाखली. मीठ बरोबर होतं.

त्या दिवशी दोनशे चाळीस माणसांनी भात आणि बटाट्याची भाजी खाल्ली. चिकटवणी खात्यातला एक जण एवढंच म्हणाला की डाळीचा नुसता वासच वाढलात. साहेबांनी दुपारी दोघींना खोलीत बोलावलं.

साहेबांनी विचारलं, हे कसं झालं. वहिनी तोंड उघडणार तोच वन्सं म्हणाल्या, ‘मी केलं.’

‘तुम्ही तर हॉलमध्ये होतात.’

‘मध्ये एकदा आत गेले होते. जाता जाता आच मोठी केली.’

‘का?’

‘राग होता. मला तिथून काढलंत त्याचा. म्हटलं, बघू दे हिला एकटीला.’

वहिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. वन्सं समोरच्या कपाटाकडे पाहत होत्या. या बाईनं आयुष्यात कुणाचेही वाभाडे काढायचे ठेवले नव्हते, पण भाताचं एक शीत जमिनीवर पडलं तर ती ते उचलून कपाळाला लावून तोंडात टाकत असे. आणि ती म्हणे दोनशे चाळीस माणसांची डाळ मुद्दाम जाळणार होती. साहेबांना हे कळायचं कारण नव्हतं. त्यांनी दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर आलं. मग त्यांनी नियमांची वही काढली आणि खेदानं सांगितलं की मुद्दाम नुकसान केलं तर एकच नियम आहे, आजपासून येऊ नका. वन्सं म्हणाल्या, बरं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले.

वहिनीला वाटलं, गप्प बसावं. तिला ते खरंच वाटलं, आणि पुढे कधी तिनं ते नाकारलं नाही. गप्प बसलं तर शेगडी राहत होती. साहेबांचं अक्षर बारीक होतं, ते सावकाश लिहीत होते. अर्धी ओळ झाली.

‘साहेब,’ वहिनी म्हणाली, ‘मला वास येत नाही.’

साहेबांनी वर पाहिलं. ‘कशाचा?’

‘कशाचाच.’

साहेबांनी खोलीत इकडेतिकडे पाहिलं. ‘सर्दी आहे का?’

‘नाही. दोन वर्षं झाली. आच ह्यांनी मोठी केली नाही. माझ्याकडूनच लागली.’

‘हिचं काही ऐकू नका,’ वन्सं म्हणाल्या.

‘पण मग दोन वर्षं काही लागलं कसं नाही?’ साहेबांनी विचारलं.

‘ह्या मागून सांगायच्या.’

‘कधी सांगायच्या? मी तर ह्यांना नुसतं भांडतानाच ऐकलंय.’

‘तेच,’ वहिनी म्हणाली.

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले की त्यांना हे आधी कळायला हवं होतं, आणि ते खरं होतं. वन्संची नोकरी राहील. पण ज्यांना वास येत नाही त्यांना शेगडीवर उभं करता येणार नाही, त्यात त्यांचा नाइलाज आहे. सोमवारपासून जागा बदलायच्या. वन्सं शेगडीवर, वहिनी चिरायला. वहिनी म्हणाली, बरं.

दोघी घरी आल्या. पिशवी ठेवली, हातपाय धुतले. फिटर वर्तमानपत्र वाचत होता. वन्संनी चहाचं आधण ठेवलं आणि मागे न वळता म्हणाल्या, ‘तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला?’

‘तुम्हाला काढत होते.’

‘काढू दे. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, घरी बसले असते. दोन वर्षं तुझ्या मागे बसून बोंबलत होते, घसा फोडून घेतला, लोक मला कजाग म्हणायला लागले. आणि तू एका ओळीत सगळ्यावर पाणी ओतलंस.’

‘मी म्हटलं होतं का, बोंबला म्हणून?’

‘मग काय करायचं होतं? बघत बसायचं होतं तुला घासायला बसवेपर्यंत?’

‘वन्सं, चहा उतू चाललाय,’ वहिनी म्हणाली.

फिटर चपला शोधून निघून गेला. या खेपेला ते चहाबद्दलच होतं. वन्संनी गॅस बंद केला, दोन कप गाळले, आणि एक वहिनीपुढे आपटला. दोघींनी चहा घेतला. दोघींचे डोळे लाल होते, पण चहाच्या वाफेनं होतात तसे. रविवारी त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. फिटरला घरात फार शांत वाटलं. तो दोनदा बाहेर गेला आणि दोनदा परत आला.

सोमवारी वहिनी चिरायच्या टेबलाशी बसली. टेबल साहेबांनी पुन्हा शेगडीच्या मागे हलवून घेतलं होतं. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं, त्यांना सुचलं. वन्सं शेगडीसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी एकोणतीस वर्षं ती शेगडी पाहिली होती, पेटवली कधी नव्हती. ती भक्कन पेटते म्हणून त्यांना तिची भीती वाटत असे, आणि हे त्यांनी आजवर कुणाला कळू दिलं नव्हतं. त्यांनी काडी ओढली, विझवली, दुसरी ओढली.

‘एवढी पेटवून दे,’ त्या म्हणाल्या.

‘मला हात लावायचा नाही असं सांगितलंय.’

‘इथे कोण बघतंय?’

‘काडी आधी जवळ न्या, मग चावी फिरवा. तुम्ही उलट करताय.’

वन्संनी तसं केलं. शेगडी भक्कन पेटली, वन्सं एक पाऊल मागे सरल्या आणि मग पुढे आल्या. डाळ चढली. मीठ वहिनीनं बसल्या जागेवरून वाटीत काढून दिलं. तिच्या पायांना बसायची सवय नव्हती. ते टेबलाखाली पुन्हा पुन्हा उठायला बघत होते. तिनं मनातल्या मनात देवाला सांगितलं की हे मला आवडलेलं नाही, आणि कांदा घेतला.

दहा कांदे झाले. तिची शेगडीकडे पाठ होती. मागे पाणी खळखळत होतं. मग त्याची रटरट झाली. वहिनी चिरत होती. रटरट दाट होत गेली, मग फदफद, आणि मग त्या फदफदीतून एकेक बुडबुडा जड होऊन उशिरा फुटायला लागला. हा आवाज तिनं किती दिवसांनी ऐकला ते तिला सांगता आलं नसतं. सुरी थांबली.

‘वन्सं, आच कमी करा.’

‘मला नाक आहे,’ वन्सं म्हणाल्या. ‘काही लागत नाहीये. तू चीर गप.’

‘वास आल्यावर काय, कुणीही सांगेल,’ वहिनी म्हणाली. ‘मी त्याच्या आधीचं सांगतेय. कमी करा आणि खालून ढवळा. खालून म्हणतेय, वरून नाही. एकोणतीस वर्षं माझ्या मागे बसून बघत काय होतात?’

‘तुझी पाठ बघत होते. दुसरं काय दिसत होतं?’

वन्संनी आच कमी केली आणि पळी बुडापासून फिरवली. पळी मोकळी फिरली. डाळ थोडी घट्ट झाली होती, लागली नव्हती. त्यांनी पळीच्या टोकावर थोडी घेतली, फुंकर घातली, चाखली, आणि मागे वळून वहिनीपुढे धरली. वहिनीनं चाखली.

‘मीठ बरोबर आहे,’ ती म्हणाली. ‘बाकीचं तुम्ही सांगा.’

‘बरी झाली आहे,’ वन्सं म्हणाल्या. ‘तुझ्यासारखी नाही.’

वहिनीनं अकरावा कांदा घेतला. भाताचं पाणी आटत आलं होतं, तेही तिला ऐकू येत होतं.